अठ्ठावीस डॉलरांचे घर

(द्वितीय वर्ष, कला)

हेन्री डेव्हिड थोरो हे नाव आपल्याला ठाऊक असते ते राज्यशास्त्राच्या तासामुळे. अन्यायी सरकारला कर देणार नाही असे म्हणून एक रात्र तुरुंगात काढणारा अमेरिकन लेखक. दक्षिण आफ्रिकेत असताना महात्मा गांधींनी त्याचा निबंध वाचला होता. एवढ्या दोन ओळी वहीत उतरवल्या की परीक्षेपुरता थोरो संपतो. मला मात्र निराळाच थोरो भेटला. दुर्गाबाई भागवतांनी त्याच्या ‘वॉल्डन’ या ग्रंथाचा केलेला अनुवाद, ‘वॉल्डनकाठी विचारविहार’, ग्रंथालयात हाती लागला आणि एका हातात थापी व दुसऱ्या हातात हिशेबाची वही घेतलेला माणूस डोळ्यांपुढे उभा राहिला. माझे वडील गवंडी आहेत. विटा, चुना, वाळू यांच्या गोष्टी ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. म्हणून त्या तुरुंगवाल्या थोरोपेक्षा या घर बांधणाऱ्या थोरोचे चरित्र आपल्या मित्रांना सांगावे असे मला वाटले.

थोरोचा जन्म १२ जुलै १८१७ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनजवळच्या काँकॉर्ड या गावी झाला. घरची स्थिती बेताची. वडील शिसपेन्सिली बनवीत, आई घरात भाडेकरू ठेवून संसाराला हातभार लावी. अशा घरातला हा मुलगा १८३३ साली हार्वर्ड महाविद्यालयात गेला आणि १८३७ साली पदवीधर होऊन गावी परतला. गावच्या शाळेत त्याला नोकरी मिळाली. परंतु मुलांना छडी मारलीच पाहिजे असा आग्रह झाला तेव्हा थोड्याच दिवसांत त्याने ती सोडून दिली. पदवीधर मुलाने मिळालेली नोकरी सोडली म्हणजे घरात काय वातावरण झाले असेल, हे आपल्यासारख्यांना कोणी समजावून सांगायला नको!

थोरोने वडिलांच्या कारखान्यात काम धरले आणि तिथेही डोके चालवले. शिशात योग्य प्रमाणात चिकणमाती मिसळली म्हणजे पेन्सिल चांगली होते, आणि ते प्रमाण बदलले की मऊ-कठीण असे प्रकार करता येतात, हे त्याने प्रयोगाने साधले. थोरला भाऊ जॉन याच्याबरोबर त्याने स्वतःची शाळाही काढली. १८३९ साली दोघा भावांनी स्वतःच्या हातांनी एक होडी बांधली, तिला हिरवा-निळा रंग दिला आणि नदीतून मोठा प्रवास केला. पुढे १८४२ च्या जानेवारीत वस्तऱ्याने झालेल्या क्षुल्लक जखमेतून धनुर्वात होऊन जॉन गेला. तो गेला तो हेन्रीच्या मांडीवर. त्या प्रवासाचे पुस्तक लिहून भावाची आठवण जपावी ही इच्छा थोरोच्या मनात घर करून राहिली. लिहायला निवांत जागा हवी होती, आणि खिशात पैसे नव्हते.

गावापासून दीडएक मैलावर वॉल्डन नावाचे तळे आहे. त्याच्या काठची काही जमीन थोरोचा ज्येष्ठ मित्र, प्रसिद्ध विचारवंत इमर्सन याने विकत घेतली होती. १८४५ च्या मार्चअखेर थोरो उसनी कुऱ्हाड घेऊन तिथे गेला आणि पाइनची झाडे तोडून वासे तासू लागला. फळ्यांसाठी त्याने रेल्वेच्या कामावरील एका आयरिश मजुराची झोपडी सव्वाचार डॉलरना विकत घेतली, ती मोडली, फळ्या तळ्याकाठी वाहून नेल्या आणि वाकलेल्या फळ्या उन्हात पसरून सरळ होऊ दिल्या. मे महिन्यात शेजारीपाजारी मित्रांनी हात लावून सांगाडा उभा केला आणि ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, तो त्या घरात राहायला गेला. घर १५ फूट लांब आणि १० फूट रुंद.

आता त्याचा हिशेब पाहा. फळ्या ८ डॉलर साडेतीन सेंट. छपराला आणि बाजूंना लावायची टाकाऊ लाकडी कौले ४ डॉलर. गिलाव्याखालच्या पट्ट्या सव्वा डॉलर. काचांसह दोन जुन्या खिडक्या २ डॉलर ४३ सेंट. हजार जुन्या विटा ४ डॉलर. चुन्याची दोन पिंपे २ डॉलर ४० सेंट, आणि ती महाग पडली अशी नोंदही त्याने केली आहे. गिलाव्यात मिसळायचे केस ३१ सेंट. हे गरजेपेक्षा जास्त आणले गेले. खिळे ३ डॉलर ९० सेंट. बिजागऱ्या व स्क्रू १४ सेंट, कडी १० सेंट, खडू एक सेंट. वाहतूक १ डॉलर ४० सेंट, कारण पुष्कळसे सामान त्याने पाठीवरच वाहिले. चुलाण्यावरच्या लोखंडी पट्टीचे १५ सेंट धरून एकूण झाले २८ डॉलर साडेबारा सेंट! हार्वर्डमध्ये त्या वेळी विद्यार्थ्याला जवळजवळ एवढ्याच एका खोलीसाठी वर्षाला ३० डॉलर भाडे पडे. एका वर्षाच्या भाड्यात थोरोने जन्मभराचे घर उभे केले. वसतिगृहाची फी भरताना ज्यांच्या वडिलांना दोन ठिकाणी शब्द टाकावा लागतो, त्यांना हा हिशेब कादंबरीपेक्षा रंजक वाटेल.

या घराला खरा घरपणा आला तो पानगळीच्या ऋतूत. तिकडे हिवाळ्यात तळी गोठतात, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घर सज्ज करावे लागते. उन्हाळाभर थोरो बाहेर उघड्यावर स्वयंपाक करीत असे. थंडी पडू लागली तसे त्याने चुलाणे आणि धुराडे बांधायला घेतले. विटा जुन्या असल्यामुळे त्यांवरचा घट्ट चुना थापीने खरवडून काढावा लागला. मधल्या जागा त्याने तळ्याकाठच्या दगडांनी भरल्या. चुन्यात घालायची पांढरी वाळूही तिथलीच. काम इतक्या सावकाश चाले की सकाळी जमिनीपासून सुरू केलेले बांधकाम रात्री जेमतेम उशीएवढे उंच होई, आणि त्याने त्याचा उशीसारखाच उपयोग केला! नंतर होडीतून वाळू आणून भिंतींना गिलावा केला. गिलाव्याने घर उबदार झाले. मात्र उघड्या फळ्यांवरच्या गाठी डोळ्यांना जास्त सुंदर दिसत होत्या, असे त्याला वाटत राहिले.

सजावट म्हणाल तर ती अशी. पलंग, टेबल, लिहिण्याचे मेज, तीन खुर्च्या, तीन इंचांचा आरसा, थोडी भांडी आणि एक दिवा. यातले काही त्याने स्वतः केलेले. पडदे नाहीत, कारण डोकावणारे फक्त सूर्य आणि चंद्र. एका बाईंनी पायपुसणे देऊ केले, ते त्याने घेतले नाही. झटकत बसण्यापेक्षा दारापुढच्या गवतावर पाय पुसणे त्याला बरे वाटले. मेजावर तीन सुंदर दगड ठेवले होते; पण त्यांवरची धूळ रोज पुसावी लागते असे लक्षात येताच त्याने ते खिडकीबाहेर फेकून दिले. ऑक्टोबरात तो नदीकाठी रानद्राक्षे तोडायला जाई, तीही खाण्यापेक्षा घोसांच्या सौंदर्यासाठी. हिवाळ्यासाठी चेस्टनटची फळे साठवी. थंडीने कुडकुडलेल्या गांधीलमाश्या हजारोंनी घरात आल्या, खिडक्यांवर, भिंतींवर बसल्या. त्याने त्यांना हाकलले नाही.

हे सगळे मी वडिलांना सांगितले. विटांची उशी ऐकून ते मनापासून हसले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, जागा कोणाची होती? त्यांच्या तीस वर्षांच्या अनुभवातून आलेला हा प्रश्न टाळून थोरोचे चरित्र लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. जागा इमर्सनची होती. आईचे घर चालत जाण्याच्या अंतरावर होते आणि थोरो तिथे अधूनमधून जेवायला जाई. ज्या मजुराची झोपडी त्याने घेतली, ते कुटुंब दुसऱ्या दिवशी पहाटे सगळा संसार एका गाठोड्यात बांधून रस्त्याने चाललेले त्याला भेटले. थोरोने ही गोष्ट लिहून ठेवली आहे. ते पुढे कुठे गेले हे मात्र पुस्तकात येत नाही. एकदा पावसात दुसऱ्या एका गरीब आयरिश मजुराच्या घरी आसरा घेतला असता त्याने त्यालाच चहा, कॉफी, लोणी, मांस सोडून साधे राहण्याचा उपदेश केला. हे पान वाचताना मला थोरोचा राग आला. आमच्याकडे घटस्थापनेपूर्वी आई आणि बहिणी पांढरी माती आणून भिंतींना हात देतात, जमीन सारवतात, उंबऱ्याला गेरू लावतात. पैसा जवळपास लागत नाही. पण त्याला कोणी प्रयोग म्हणत नाही! काटकसर निवडणे वेगळे आणि ती वाट्याला येणे वेगळे.

तरीही थोरो मला सोडवत नाही. कारण तो गरिबीचे गोडवे गात नाही, तो हिशेब मांडतो. वस्तूची किंमत त्याने आयुष्याच्या दिवसांत मोजली. पहिल्या वर्षी घेवड्याच्या शेतीत खर्च वजा जाता त्याला ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट उरले. बाकीचे त्याने सुतारकाम, मोजणी अशा मजुरीतून मिळवले. वर्षाकाठी सहा आठवडे काम केले तर आपला खर्च भागतो, असे त्याला दिसून आले. उरलेले आठवडे वाचनाचे आणि लेखनाचे. भावाबरोबरच्या प्रवासाचे पुस्तक त्याने इथेच लिहिले. १८४६ च्या जुलैत दुरुस्तीला दिलेला जोडा आणायला तो गावात गेला असता त्याला पकडले, ती तुरुंगातली रात्र हीच. गुलामगिरी आणि मेक्सिकोवरचे युद्ध यांना आपला पैसा लागू नये, हे त्याचे म्हणणे होते. ज्याला पै-पैचा हिशेब ठेवायची सवय होती, त्याने कराचाही हिशेब विचारला!

६ सप्टेंबर १८४७ रोजी, दोन वर्षे दोन महिन्यांनी, त्याने ते घर सोडले. प्रवासाचे पुस्तक १८४९ मध्ये निघाले. हजार प्रतींपैकी ७०६ प्रती न खपता १८५३ मध्ये त्याच्या घरी परत आल्या आणि त्याने त्या माळ्यावर वाहून नेल्या. आपल्या संग्रहात नऊशेच्या आसपास ग्रंथ असून त्यांपैकी सातशेहून अधिक आपणच लिहिलेले आहेत, अशी थट्टाही त्याने केली. ‘वॉल्डन’ १८५४ मध्ये प्रसिद्ध झाले. पोटासाठी तो जमिनीची मोजणी करीत राहिला, पेन्सिलींचा धंदा सांभाळीत राहिला आणि पळून आलेल्या गुलामांना पुढच्या वाटेला लावीत राहिला.

१८५५ च्या पानगळीतली एक गोष्ट मला सर्वांत प्रिय आहे. एका इंग्रज मित्राने त्याला चव्वेचाळीस खंडांची भेट पाठवली होती. त्यात आपल्याकडची उपनिषदे, विष्णुपुराण, भगवद्गीता यांचे ग्रंथ होते. गीता त्याला वॉल्डनपासूनच परिचित होती. हे ग्रंथ ठेवण्यासाठी थोरोने नदीच्या पाण्यातून वाहत आलेली लाकडे गोळा केली आणि त्यांचे कपाट स्वतः बनवले. आपले उपनिषद दूर काँकॉर्डमध्ये, पुरातून आलेल्या फळीवर! ही गोष्ट वाचली आणि गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मीही स्लॅबच्या कामातून निकामी झालेल्या फळ्यांचे पुस्तकांचे मांडे केले. वडिलांना ते प्रथम रुचले नाही. मुलाच्या हातात पेन असावे, हातोडी नको, यासाठीच त्यांनी मला शिकवले. शेवटी तिरकी बसलेली फळी पाहून त्यांना राहवले नाही. त्यांनी पाणसळ आणून ती सरळ करून दिली. खर्च फक्त खिळ्यांचा झाला.

आयुष्याच्या अखेरीस थोरोने पानगळीच्या रंगांवर निबंध लिहिला. मेपल आणि ओक यांची पाने पिकताना लाल, केशरी, किरमिजी होतात. प्रत्येक झाडाचे एकेक पान घेऊन त्याची आकृती आणि नेमका रंग वहीत उतरवला तर केवढे सुंदर पुस्तक होईल, अशी कल्पना त्याने त्यात मांडली आहे. पाने किती शांतपणे गळून मातीला मिळतात, याकडेही तो लक्ष वेधतो. हे वाक्य त्याने नुसते लिहिले नाही. क्षयाने अंथरुणाला खिळला असतानाही तो लेख तपासत होता. ६ मे १८६२ रोजी वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी तो गेला, आणि तो निबंध त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, पाने गळण्याच्या दिवसांत, प्रसिद्ध झाला.

मित्रांनो, पदवी घेतली की हातांना काम लावणे कमीपणाचे, असा समज आपल्या गावांत अजून आहे, आणि तो का आहे हेही आपण जाणतो. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची घरे बांधली, त्यांना आपले मूल त्यातून सुटावे असे वाटणारच. थोरो त्यांना चूक ठरवीत नाही. हार्वर्डची पदवी घेऊनही थापी धरता येते, आणि थापी धरूनही उपनिषदे वाचता येतात, एवढेच त्याचे आयुष्य सांगते. माझ्या वडिलांच्या हाताखाली उभ्या राहिलेल्या कितीतरी घरांचा हिशेब कोणत्याही वहीत नाही. तो लिहून ठेवण्याचे काम आता आमच्या घरात निदान एकाला येते.