खुर्ची सोडली, काम नाही!

निवृत्तीचं वय ५८ वरून ६० करावं का, हा विषय हॉस्टेलच्या मेसमध्ये निघाला की ताटातली भाजी थंड होते. आमच्यातले निम्मे जण एमपीएससी नाहीतर जलसंपदा, सार्वजनिक बांधकामच्या जेई भरतीची वाट बघतायत. त्यांचं म्हणणं सरळ आहे. वरची माणसं दोन वर्षं जास्त बसली तर आमची जाहिरात दोन वर्षं पुढे ढकलली जाणार आणि तोवर वय निघून जाणार! पण ज्याचे वडील येत्या वर्षात रिटायर होणार आहेत आणि धाकट्या बहिणीची फी अजून भरायची आहे, त्याला मात्र ६० हवं असतं. मला दोघांचंही पटतं. त्यामुळे मी बराच काळ गप्प बसायचो.

मित्रांनो, या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने बघायला मला एका माणसाच्या चरित्राने शिकवलं. हा माणूस आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. म्हैसुरी पगडीतला त्यांचा फोटो आपल्या डिपार्टमेंटमध्ये लावलेला आहे आणि त्यांच्या जन्मदिवशी आपण अभियंता दिन साजरा करतो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या! कृष्णराजसागर धरण बांधणारे, एवढ्या एका ओळीत आपण त्यांना उरकून टाकतो. पण ते नोकरीतून किती वेळा बाहेर पडले आणि बाहेर पडल्यावर त्यांनी काय केलं, हे फारसं कुणी सांगत नाही.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६० रोजी आजच्या कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळी या छोट्या गावात झाला. वडील संस्कृतचे पंडित होते, पण मुलगा लहान असतानाच ते वारले. बंगलोरला शिकत असताना विश्वेश्वरय्यांनी शिकवण्या घेऊन आपला खर्च भागवला. १८८१ मध्ये बी. ए. झाल्यावर म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. म्हणजे आपलं सीओईपी! १८८३ मध्ये इंजिनिअरिंगच्या परीक्षेत ते पहिले आले आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झाले. तेव्हा त्यांचं वय होतं २३. आपल्यातल्या बऱ्याच जणांचा त्या वयात एखादा बॅकलॉग शिल्लक असतो!

त्यांच्या नोकरीची पुढची चोवीस वर्षं बहुतेक आपल्या मराठी मुलखात गेली, हे मला आधी माहीतच नव्हतं. सुरुवात नाशिकला झाली. मग खानदेशात पांझरा नदीच्या पाण्यासाठी सायफन टाकण्याचं अवघड काम त्यांनी भर पावसाळ्यात पार पाडलं. याच पांझरेच्या काठी शेतकऱ्यांनी पाणी वाटून घ्यायची फड पद्धत पिढ्यान् पिढ्या चालवली होती. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच असल्यामुळे सक्करची पाणीपुरवठा योजनाही त्यांच्याकडे आली. १८९९ नंतर पुणे भागातल्या कालव्यांचं काम हाती घेतल्यावर त्यांनी 'ब्लॉक सिस्टीम' आणली. कालव्याचं पाणी ठराविक गटांना ठरलेल्या पाळीने द्यायचं, म्हणजे एकाच्या उसात तळं आणि शेजारच्याच्या शेतात भेगा असं होत नाही. आपल्या अंबड-घनसावंगीकडे जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर शेवटच्या चारीला पाणी पोचतं की नाही हे ज्याने बघितलंय, त्याला या कामाची किंमत वेगळी सांगायला नको.

१९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले. सांडव्याच्या वर बसवलेली ही दारं पाणी अडवून धरायची. पाणी ठराविक पातळीच्या वर गेलं की ती आपोआप उघडायची आणि पातळी उतरली की मिटायची. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला! आज आपण सेन्सर आणि मोटर लावून जे करतो ते त्यांनी पाण्याच्याच जोरावर करून घेतलं.

एवढं सगळं करूनही १९०८ मध्ये ते नोकरीतून स्वतःहून निवृत्त झाले. वय अठ्ठेचाळीसच्या आसपास! कारण साधं होतं. त्या काळी इलाख्याच्या चीफ इंजिनिअरच्या खुर्चीवर इंग्रजच बसायचे. हिंदी माणसाने कितीही काम केलं तरी ती खुर्ची मिळणं जवळजवळ अशक्यच. कुढत बसण्यापेक्षा ते बाहेर पडले आणि जग बघायला निघाले. ही त्यांची पहिली निवृत्ती.

ती टिकली किती? २८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबादमध्ये मुसी नदीला महाभयंकर पूर आला. हजारो माणसं वाहून गेली. विश्वेश्वरय्या तेव्हा परदेशातच होते. निजाम सरकारने त्यांना बोलावून घेतलं. १९०९ मध्ये त्यांनी शहर वाचवण्याचा आराखडा करून दिला. नुसते काठ बांधून भागणार नाही, पूर वरच्या बाजूलाच अडवायला हवा, असं त्यांनी गणिताने दाखवून दिलं. त्यातून मुसीवर उस्मानसागर १९२० मध्ये आणि तिची उपनदी इसीवर हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. आपलं जालनाही तेव्हा त्याच निजाम राजवटीत होतं. आपल्या घाणेवाडीचा तलावही निजामाच्याच काळातला. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ही दोन्ही धरणं विश्वेश्वरय्यांनी स्वतः उभी राहून बांधली नाहीत. त्यांनी दिशा दिली आणि बांधली ती नंतरच्या इंजिनिअरांनी.

१९०९ च्या अखेरीस ते म्हैसूर संस्थानचे चीफ इंजिनिअर झाले आणि १९१२ मध्ये थेट दिवाण. कावेरीवरचं कृष्णराजसागर १९११ मध्ये सुरू झालं होतंच. पाठोपाठ १९१३ मध्ये बँक ऑफ म्हैसूर, १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ, १९१७ मध्ये बंगलोरला इंजिनिअरिंग कॉलेज... कामाचा नुसता धडाका होता! आणि १९१८ मध्ये त्यांनी दिवाणपद सोडलं. तेव्हा त्यांचं वय होतं ५८. हो, मेसमध्ये ज्या आकड्यावरून आपण भांडतो तोच!

हे पद का सोडलं, तेही खरं सांगायला हवं. सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांना जागा राखून ठेवाव्यात, या मताकडे म्हैसूरचे महाराज झुकले होते. विश्वेश्वरय्यांना ते मान्य नव्हतं. निवड गुणवत्तेवरच व्हावी असं त्यांचं म्हणणं. इथे मला त्यांचं अजिबात पटत नाही. कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९०२ मध्येच ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या होत्या, आणि ज्यांना शतकानुशतकं शाळेचा उंबरा ओलांडू दिला नाही त्यांच्याकडे लगेच मार्कलिस्ट मागणं हा न्याय नव्हे. आपल्या वर्गातले कितीतरी जण घरातले पहिले इंजिनिअर आहेत, ते त्याच धोरणामुळे. पण म्हणूनच मला त्यांच्या राजीनाम्याचं महत्त्व वाटतं. काळ आपल्या मताच्या पुढे चाललाय असं दिसल्यावर मोठ्या माणसाने खुर्ची अडवून धरली नाही. ते बाजूला झाले. आणि कृष्णराजसागरचं काम काही थांबलं नाही. ते १९३२ च्या सुमारास पूर्ण झालं, म्हणजे त्यांनी पद सोडल्यानंतर जवळजवळ चौदा वर्षांनी!

आता ५८ नंतरचा हिशोब बघा. १९२३ मध्ये, बासष्टाव्या वर्षी, तोट्यात अडकलेला भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना त्यांच्याकडे सोपवला गेला आणि १९२९ पर्यंत त्यांनी तो मार्गी लावला. आपल्या एमआयडीसीतल्या भट्ट्या आणि रोलिंग मिल जवळून बघणाऱ्यांना कळेल की हे काही पेन्शनरने सकाळी फिरायला जाण्याइतकं सोपं काम नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या बॅक बे भराव योजनेतल्या गोंधळाची चौकशी करणाऱ्या समितीत ते होते. १९२७ पासून १९५५ पर्यंत ते टाटा स्टीलच्या संचालक मंडळावर राहिले. देशासाठी नियोजनबद्ध अर्थव्यवस्था कशी असावी यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९३४ चं, म्हणजे पंचवार्षिक योजनांच्या सतरा वर्षं आधीचं. बिहारमध्ये गंगेवर पूल नेमका कुठे बांधावा याचा सल्ला द्यायचं काम त्यांच्याकडे आलं तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. मोकामाजवळचा तो राजेंद्र सेतू १९५९ मध्ये सुरू झाला. आत्मचरित्र १९५१ मध्ये आलं आणि त्याच्या नावातही जीवनाऐवजी 'कामाचं जीवन' आहे. १९५५ मध्ये भारतरत्न, १९६० मध्ये शंभरी, आणि एप्रिल १९६२ मध्ये बंगलोरला निधन.

हे वाचून कुणी म्हणेल, बघा, म्हणजे माणसाने शेवटपर्यंत नोकरी करावी! मला तसं वाटत नाही. नीट बघितलं तर ५८ नंतर त्यांनी कुठल्याच पंचवीस वर्षांच्या पोराची जागा अडवली नाही. त्यांच्याकडे आली ती बहुतेक कामं चौकशीची, सल्ल्याची, बुडतं जहाज वर काढायची. ज्याला अनुभवच लागतो अशी. नोकरी आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण भांडताना दोन्हीची गल्लत करतो. खुर्चीला मुदत हवीच. ती मोकळी झाल्याशिवाय मागच्याला बसता येत नाही. कामाला मात्र मुदत लावायचं कारण नाही.

पण एक मोठा 'पण' इथे आहे. विश्वेश्वरय्यांना निवड होती. त्यांना पेन्शन होती, नाव होतं, तब्येत ठणठणीत होती. नको वाटलं असतं तर ते घरी बसू शकले असते. माझे आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. अजून रोज मोसंबीच्या बागेत जातात. २०१२-१३ च्या दुष्काळात अर्धी बाग वाळली, ती त्यांनी पुन्हा लावली. लोक कौतुकाने म्हणतात, या वयात किती काम करतात! आजोबा काही बोलत नाहीत. शेतकऱ्याला निवृत्तीचा आदेश येत नाही आणि पेन्शनचा कागदही येत नाही. दिवाळी झाली की आपल्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये पांढऱ्या केसांची माणसं असतात. त्यांना विश्वेश्वरय्यांचं उदाहरण देणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं. म्हातारपणी काम करणं ही तेव्हाच शोभेची गोष्ट, जेव्हा ते थांबवताही येतं. आधी थांबण्याचा हक्क, मग काम करण्याचा आनंद. हा क्रम उलटा केला की ती सक्ती होते, भले आपण तिला कर्मयोग म्हणू.

म्हणून ५८ की ६० या वादात माझं मत आता ठरलंय. खुर्ची वेळेवर रिकामी व्हावी. रिकामी झालेली जागा वेळेवर भरलीही जावी, नाहीतर म्हातारे गेले आणि पोरंही आली नाहीत, असं होतं. प्रत्येक हाताला, मग तो खोऱ्याचा असो की पेनचा, उतारवयात विसावा घेण्यापुरता आधार मिळावा. आणि ज्याला त्यानंतरही काम करावंसं वाटतं, त्याला आपण विचारायला जावं.

शेवटचा भाग आपल्या हातात आहे. गेल्या वर्षी आमच्या ग्रुपने प्रोजेक्टसाठी एका जुन्या पाझर तलावाचा सर्व्हे केला. लेव्हल घेतल्या, कंटूर काढले, सॉफ्टवेअरमध्ये सगळं छान आलं. पण पाणी जातं कुठे ते कळेना. शेवटी गावातल्या एका रिटायर मिस्त्रींना विचारलं. त्यांनी काठी टेकत टेकत बांधावरून फेरी मारली आणि एका जागी थांबून सांगितलं, की बांध घालताना इथे जुना नाला होता, खाली मुरूम लागला, काळी माती कमी पडली. पाणी खरंच तिथूनच पाझरत होतं! त्यांना ना मानधन मिळालं ना सर्टिफिकेट. आमच्या रिपोर्टमध्ये आभाराच्या पानावर त्यांचं नाव मात्र पहिलं होतं.

आपल्या जिल्ह्यात असे कितीतरी रिटायर ओव्हरसियर, कालवा निरीक्षक, फिटर आणि मिस्त्री आहेत. फायनल इयरच्या प्रत्येक ग्रुपने प्रोजेक्टचा विषय ठरवण्याआधी त्यातल्या एकाला तरी गाठावं, असं मला सुचवायचंय. त्यांची खुर्ची आपल्याला मिळेल की नाही, हे भरतीवर अवलंबून आहे. त्यांना काय काय माहीत आहे ते मात्र आजच, सायकल काढून, विचारून येता येतं.