मारियाबाईंचे दोन कण

टॉर्चवर हात ठेवून बघा. हात लाल दिसतो, पण आतलं हाड दिसत नाही. प्रकाश मांसात विखुरतो ना! मग जिवंत मेंदूच्या आत कसं बघायचं?

त्याचं मूळ मारिया गोपर्ट-मायर यांच्या गणितात आहे. जन्म १९०६ चा. तुमच्या एश्बॉर्नहून ट्रेनने उत्तरेकडे गेलात की ग्योटिंगेन लागतं. मारियाबाई तिथेच वाढल्या, शिकल्या. १९३० साली त्यांनी प्रबंधात मांडलं, की रेणूने प्रकाशाचे दोन कमजोर कण एकाच क्षणी गिळले, तर ते एका जोरदार कणाचं काम करतात. मात्र त्याला फार तीव्र प्रकाश लागतो. तो तेव्हा होता कुठे?

लग्न करून त्या अमेरिकेला गेल्या. नवरा प्राध्यापक, म्हणून बायकोला पगाराची प्राध्यापकी नाही! तरी संशोधन चालूच. पूर्ण पगाराचं पद मिळालं ते १९६० साली. पहिला लेझरही त्याच वर्षीचा. १९६१ मध्ये त्यांचं गणित प्रयोगात खरं ठरलं. (१९६३ चं नोबेल वेगळ्या कामासाठी, अणुकेंद्रावरच्या.)

१९७२ मध्ये त्या वारल्या. या तत्त्वावरचा सूक्ष्मदर्शक १९९० चा. कमजोर कण कमी विखुरतात, खोल जातात. लेझर एकवटतो तेवढाच ठिपका चमकतो. जिवंत उंदराच्या मेंदूत आता अर्ध्या मिलिमीटरहून खोल दिसतं. आणि अशा शोषणाचं माप कशात मोजतात? 'जीएम' मध्ये, म्हणजे गोपर्ट-मायर.