अस्मत बेगम

अस्मत बेगम (मृत्यू: ऑक्टोबर १६२१) ही मोगल दरबारातील वजीर मिर्झा गियास बेग याची पत्नी आणि सम्राज्ञी नूरजहान हिची आई होती. गुलाबपाणी तयार करताना त्यावर येणारे तेल वेगळे काढून अत्तर सिद्ध करण्याचे श्रेय बादशहा जहांगीर याने आपल्या आत्मचरित्रात तिला दिले आहे.

जीवन

अस्मत बेगम मूळची इराणची. आर्थिक विपन्नावस्थेमुळे गियास बेगने १५७७ मध्ये कुटुंबासह हिंदुस्थानची वाट धरली. या प्रवासात कंदाहारजवळ तिला मुलगी झाली. तीच मेहरुन्निसा, म्हणजे पुढची नूरजहान. गियास बेगला अकबराच्या दरबारी आश्रय मिळाला. जहांगीरने त्याला इतिमाद-उद्-दौला हा किताब दिला. १६११ मध्ये मेहरुन्निसेचा जहांगीरशी विवाह झाला आणि या घराण्याचे दरबारातील वजन वाढले.

१६२१ मध्ये अस्मत बेगमचे निधन झाले. त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी १६२२ मध्ये, गियास बेगही मरण पावला. दोघांच्या कबरी आग्रा येथे यमुनेकाठी शेजारी शेजारी आहेत. नूरजहानने बांधवलेला हा संगमरवरी मकबरा मात्र इतिमाद-उद्-दौला याच्याच नावाने ओळखला जातो.

वंशज आणि खानदेश

अस्मत बेगमचा मुलगा आसफखान याची कन्या म्हणजे मुमताज महल. खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे असलेल्या बुऱ्हाणपूर येथे १७ जून १६३१ रोजी मुमताजचे निधन झाले. तिचे पहिले दफन तापीपलीकडील जैनाबादच्या बागेत करण्यात आले होते. बुऱ्हाणपूरहून सुरतेकडे जाणारा मार्ग चोपडा आणि आजच्या शिरपूर तालुक्यातील थाळनेर या गावांवरून जाई. सतराव्या शतकातील फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए याच्या प्रवासवर्णनात या मार्गाची नोंद आहे.

गुलाबाच्या अत्तराचा शोध

जहांगीरच्या नोंदीनुसार, गरम गुलाबपाणी भांड्यांत ओतल्यावर त्याच्या पृष्ठभागावर तवंग जमत असल्याचे अस्मत बेगमच्या लक्षात आले. तो तिने थोडा थोडा करून गोळा केला. तळहातावर चोळलेल्या एका थेंबाने सारी मैफल दरवळून जाते, असे त्याच्या तीव्रतेचे वर्णन बादशहाने केले आहे. त्याने तिला मोत्यांची माळ बक्षीस दिली. अकबराची विधवा सलीमा सुलतान बेगम हिने या द्रव्याला इत्र-ए-जहांगिरी असे नाव दिले. सलीमा बेगमचे निधन १६१३ च्या सुरुवातीस झाले. त्यामुळे हा प्रसंग त्यापूर्वीचा ठरतो.

स्वरूप आणि गंध

गुलाबाचे तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने वर तरंगते. त्यात मेणासारखे घटक असतात. त्यांच्यामुळे साधारण २० अंश सेल्सिअसच्या आसपास ते गोठू लागते. पाणी निवताना तवंग दिसण्याचे कारण यातच आहे. एक किलो तेलासाठी सुमारे साडेतीन ते चार हजार किलो फुले लागतात. सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल हे त्याचे प्रमुख सुगंधी घटक होत. फिनाइल इथाइल अल्कोहोल हा घटक पाण्यात बराच विरघळतो. म्हणून गुलाबपाण्याचा आणि अत्तराचा गंध तंतोतंत सारखा नसतो.

आधुनिक परफ्यूममध्ये सुगंधी द्रव्ये अल्कोहोलमध्ये मिसळलेली असतात. अल्कोहोल त्वचेवरून झपाट्याने उडते आणि त्याबरोबर गंधाचा पहिला झोत सभोवार पसरतो. अत्तरात अल्कोहोल नसते. शरीराच्या उबेने त्याचा गंध सावकाश उलगडतो आणि त्वचेलगत रेंगाळतो. कनोजच्या पारंपरिक पद्धतीत गुलाबाचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवतात. त्यामुळे गंध अधिक काळ टिकतो. महाराष्ट्रात समारंभप्रसंगी पाहुण्यांच्या मनगटावर अत्तर लावून गुलाबपाणी शिंपडण्याची प्रथा आहे. तिच्यात एकाच फुलाची ही दोन्ही रूपे एकत्र येतात.

श्रेयाविषयी मतभेद

लोकप्रिय आख्यायिकेत या शोधाचे श्रेय नूरजहानला दिले जाते. गुलाबपाण्याने भरलेल्या कालव्यावर तिला तेलाचा तवंग दिसला, असे ही कथा सांगते. जहांगीरच्या नोंदीत मात्र कालवा नाही आणि नूरजहानही नाही. पत्नीविषयी अन्यत्र कौतुकाने लिहिणाऱ्या बादशहाने येथे स्पष्टपणे तिच्या आईचा उल्लेख केला आहे. समकालीन असल्याने ही नोंद आख्यायिकेपेक्षा अधिक विश्वसनीय ठरते.

गुलाबपाणी गाळण्याची कला इराणात शतकानुशतके प्रचलित होती. सोळाव्या शतकातील युरोपीय लेखनातही गुलाबाच्या तेलाचे उल्लेख सापडतात. त्यामुळे जगातील पहिले गुलाबतेल अस्मत बेगमने काढले, असे म्हणता येत नाही. मोगल दरबारात हे अत्तर तिच्या निरीक्षणातून सिद्ध झाले, एवढे जहांगीरच्या नोंदीच्या आधारे सांगता येते.