विश्लेषण : पथ्य पाळूनही साखर का वाढते? लोकमान्यांच्या मधुमेहाची गोष्ट

लोकमान्य टिळकांचे १ ऑगस्ट १९२० रोजी निधन झाले. त्यानंतर वर्षभराने, १९२१ च्या उन्हाळ्यात, कॅनडातील टोरांटो येथे इन्सुलिन वेगळे करण्यात यश आले. म्हणजे लोकमान्यांनी मधुमेहाची सगळी वर्षे इन्सुलिनशिवाय आणि घरी साखर मोजण्याची कोणतीही सोय नसताना काढली. गोळी वेळेवर, गोड बंद, तरी साखर वाढलेली, हा अनुभव आज बुलढाणा जिल्ह्यातही घरोघरी ऐकू येतो. टिळकांच्या आयुष्याकडे मधुमेहाच्या अंगाने पाहिले तर या कोड्याची बरीच उत्तरे सापडतात.

व्यायामपटू टिळकांना मधुमेह कसा?

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. प्रकृती लहानपणी किरकोळच होती. पुण्यात डेक्कन कॉलेजात आल्यावर पहिले वर्ष त्यांनी अभ्यासापेक्षा तालमीला आणि पोहण्याला अधिक दिले आणि शरीर कमावले. तरीही मध्यम वयात मधुमेहाने त्यांना गाठले. पुढे अनेक वर्षे ते इन्सुलिनशिवाय जगले, त्यावरून हा आजच्या भाषेतला टाईप टू मधुमेह असावा असे म्हणता येते. या प्रकारात शरीरात इन्सुलिन तयार होते, पण ते पुरेसे परिणाम करत नाही. हळूहळू ते तयार होण्याचे प्रमाणही घटते. व्यायामाने धोका कमी होतो, पण संपत नाही. आनुवंशिकता, वय, झोप, ताण यांचाही वाटा असतो. त्यामुळे मधुमेह झाला म्हणजे माणसाने काही पाप केले किंवा तो आळशी आहे, असा अर्थ काढणे चुकीचे.

१९०८ मध्ये काय घडले?

केसरीतील लेखांवरून टिळकांना २४ जून १९०८ रोजी मुंबईत अटक झाली. जामिनासाठी बॅरिस्टर जिना उभे राहिले, पण न्यायमूर्ती दावर यांनी अर्ज फेटाळला. २२ जुलैच्या रात्री सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली. दुसऱ्या दिवशी त्यांना ५२ वर्षे पूर्ण होणार होती. आधी साबरमती आणि मग ब्रह्मदेशातील मंडाले असा त्यांचा प्रवास झाला. मधुमेह तेव्हा त्यांच्यासोबत होताच.

अटक, खटला, अपुरी झोप, अनोळखी अन्न, घरच्यांची काळजी. यातली कोणतीही गोष्ट ताटात दिसत नाही, पण साखरेवर प्रत्येकीचा परिणाम होतो. ताणाच्या वेळी शरीरात कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनॅलिन ही संप्रेरके वाढतात. ती यकृताला साठवलेली साखर रक्तात सोडायला लावतात आणि इन्सुलिनचा परिणाम बोथट करतात. संकटात पळायला किंवा लढायला बळ मिळावे म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. कोठडीत किंवा कर्जाच्या हप्त्याच्या काळजीत पळायचे नसते, त्यामुळे ती साखर रक्तातच राहते. पाऊस लांबला, सोयाबीनचा भाव पडला, मुलीचे लग्न ठरले की घरातल्या मधुमेहींची साखर वर जाते, त्याचे कारण हेच.

शेगावच्या भाकरीची कथा काय?

टिळक आणि बुलढाणा जिल्हा यांना जोडणारी एक कथा वऱ्हाडात सर्वांना ठाऊक आहे. १९०८ मध्ये अकोल्यात शिवजयंतीचा उत्सव झाला. टिळकांच्या त्या सभेला शेगावचे गजानन महाराज उपस्थित होते, असे भक्तपरंपरा सांगते. टिळकांना अटक झाल्यावर दादासाहेब खापर्डे यांनी कोल्हटकरांना शेगावी पाठवले आणि महाराजांनी टिळकांसाठी प्रसाद म्हणून भाकरी दिली, अशी ही कथा दासगणूंच्या श्री गजानन विजय ग्रंथात येते. तो प्रसाद श्रद्धेचा विषय आहे.

रोजच्या ताटातल्या भाकरीचा हिशेब मात्र वेगळा ठेवावा लागतो. मधुमेहात भाकरी कितीही चालते, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ७० ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. मैद्यापेक्षा ज्वारीत तंतू जास्त, म्हणून ती बरी. पण दोन मोठ्या भाकरी आणि वर भात घेतला, तर साखर वाढणारच. कारण सापडत नाही असे वाटते, तेव्हा ते पुष्कळदा पदार्थात नसून प्रमाणात असते.

मंडालेत टिळकांनी काय केले?

मंडालेच्या तुरुंगात टिळकांची खोली लाकडी फळ्यांची होती. उन्हाळ्यात ती तापे, थंडीत गारठे. स्वयंपाकासाठी सोबतीला एक मराठी कैदी देण्यात आला होता. टिळकांनी आहार बदलला. भात आणि गहू दूर ठेवून जवाच्या पिठाच्या पदार्थांवर भर दिला. जवात बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. तो पोटात चिकट थर करतो आणि साखर रक्तात सावकाश पोहोचते. हे शास्त्र पुढे स्पष्ट झाले, पण जव मधुमेहात बरे हे आयुर्वेदाला जुन्या काळापासून माहीत होते. या पथ्याने आजार बऱ्यापैकी आटोक्यात राहिला. याच खोलीत १९१०-११ च्या हिवाळ्यात, अवघ्या काही महिन्यांत, त्यांनी पेन्सिलीने गीतारहस्य लिहिले.

पण पथ्य जेवढे करू शकते तेवढेच करते. जून १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाईंचे पुण्यात निधन झाले. त्यांनाही मधुमेह होता. ही बातमी टिळकांना मंडालेत तारेने कळली. ज्या आजाराशी ते स्वतः तुरुंगात झुंजत होते, त्यानेच घरी पत्नीला ग्रासले होते आणि ते जवळ नव्हते.

तेव्हा साखर मोजत कशी?

लघवी तपासून. लघवीत रसायन घालून तापवले की रंग बदले. पण रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही. म्हणजे १७० असताना तपासणी निर्दोष दिसे. शिवाय ती आत्ताची साखर नसून गेल्या काही तासांची गोळाबेरीज असे. साखर कोणत्या वेळी, कशाने वाढली, हे टिळकांना किंवा त्यांच्या डॉक्टरांना कळण्याचा मार्गच नव्हता. आज बोटावरच्या एका थेंबात ते कळते. हे साधन हातात असूनही आपण ते बहुतेक वेळा फक्त सकाळी उपाशीपोटीच वापरतो.

अखेरच्या आजाराने काय शिकवले?

जून १९१४ मध्ये टिळक सुटले. १९१६ मध्ये होमरूल लीग, मग सभा आणि दौरे, १९१८ च्या सप्टेंबरात चिरोल खटल्यासाठी इंग्लंडचा प्रवास, १९१९ च्या अखेरीस परत. विश्रांती जवळजवळ नव्हतीच. जुलै १९२० मध्ये ते मुंबईत सरदारगृहात उतरले असताना ताप आला. हिवताप वाटलेल्या आजारातून न्यूमोनिया झाला आणि १ ऑगस्टला पहाटेपूर्वीच त्यांची प्राणज्योत मालवली.

त्यांच्या मृत्यूला मधुमेहच कारण होता, असे म्हणता येणार नाही. पण संसर्ग आणि साखर यांचे नाते आज पक्के माहीत आहे. ताप, दातातला पू, लघवीचा जंतुसंसर्ग, पायाची चिघळलेली जखम यांत साखर वाढते आणि वाढलेली साखर संसर्गाला बळ देते. काही न खाताही आजारपणात साखर चढते. म्हणून आजारी पडल्यावर जेवण नाही तर औषधही नाही, असे स्वतःच ठरवू नये. उलट्या होत असतील तर काही गोळ्या थांबवाव्याही लागतात. कोणत्या, ते डॉक्टरांना विचारावे.

साखर विनाकारण वाढली तर काय तपासावे?

- हात साबणाने धुऊन, कोरडे करून पुन्हा तपासा. बोटाला फळाचा रस लागला तरी आकडा फुगतो. पट्ट्यांची मुदत पाहा.
- फक्त सकाळी वाढते का? पहाटे संप्रेरकांमुळे यकृत साखर सोडते. रात्री उशिरा जेवण आणि अपुरी झोप हीदेखील कारणे असतात.
- नवे औषध सुरू झाले का? सांधेदुखी, दमा किंवा त्वचेसाठी दिलेले स्टेरॉईड साखर झपाट्याने वाढवते. गावठी पुड्यांतही ते मिसळलेले असू शकते.
- इन्सुलिन घेत असाल तर ते उन्हात राहिले का? चाळिशीपार तापमानात ते निकामी होऊ शकते. एकाच जागी टोचून गाठ झाली असेल तर ते नीट शोषले जात नाही.
- आठवडाभर वही ठेवा. उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांनी, शिवाय जेवण, झोप, ताण, आजार यांची नोंद करा. एका वेळी एकच बदल करा.

आकडा वारंवार ३०० च्या वर, उलट्या, धाप, गुंगी यांपैकी काहीही असेल तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. पथ्य पाळूनही वजन घटत असेल तरी डॉक्टरांना दाखवावे.

सर्व काळजी घेऊनही कधी कधी कारण सापडत नाही. तशा एका आकड्याने खचून जाऊ नये आणि औषधही सोडू नये. मधुमेहात एका दिवसापेक्षा तीन महिन्यांची सरासरी महत्त्वाची असते. तुरुंगात, दुःखात आणि तपासणीच्या अंधारात टिळकांनी जे हातात होते ते पथ्य सोडले नाही. आज औषध आणि तपासणी दोन्ही हातात आहेत. वहीत रोज दोन ओळी लिहिण्याचे काम तेवढे बाकी आहे.