केरूनाना छत्रे आणि तिथीची पाऊणपट

अलिबागजवळचे नागाव म्हणजे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यांच्यामागे समुद्र. केरो लक्ष्मण छत्रे ऊर्फ केरूनाना यांचा जन्म तिथला, सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचा. अशा गावात पाणी कधी चढेल हे पाहायला घड्याळ लागत नसे. तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती. अष्टमी असेल तर सहाला. वर्सोवा, मनोरी, गोराईच्या किनाऱ्यावरही हा हिशेब ढोबळमानाने जुळतो.

तो का जुळतो, हे समजायला तिथी म्हणजे काय ते पाहावे लागते. आकाशात चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते. म्हणजे तिथी ही तारीख नव्हे, तो एक कोन आहे. भरतीचा खेळही याच कोनाचा. चंद्र आपल्या बाजूचे पाणी पृथ्वीच्या मध्यापेक्षा जास्त ओढतो आणि पलीकडच्या बाजूचे कमी. त्यामुळे दोन्ही बाजूंना पाण्याला फुगवटा येतो आणि साधारण सव्वाबारा-साडेबारा तासांनी एक याप्रमाणे बहुतेक दिवशी दोन भरत्या होतात. चंद्र रोज पुढे सरकतो, म्हणून भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते. सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते आणि उधाण येते; अष्टमीला ती काटकोनात असते, तेव्हा भांगाची भरती, म्हणजे पाणी कमी चढते आणि कमी उतरते.

केरूनाना शिकण्यासाठी मुंबईला आले. प्राध्यापक ऑर्लीबार यांच्या हाताखाली, विशीही ओलांडली नसताना, ते कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीला लागले आणि सुमारे दहा वर्षे तिथे राहिले. वेधशाळेचे काम कंटाळवाणे असते: ठरल्या वेळी उपकरण वाचायचे, आकडा लिहायचा, रात्री-अपरात्रीसुद्धा. पण जे दिसते तेच लिहायचे, ही सवय तिथे लागते आणि ती केरूनानांना आयुष्यभर पुरली.

पुढे ते पुण्याला गेले. डेक्कन कॉलेजात ते गणित शिकवत. बाळ गंगाधर टिळक त्यांचे विद्यार्थी. हवा, भरती-ओहोटी, कालज्ञान अशा विषयांवर त्यांनी मराठीत निबंध लिहिले. त्या काळी शास्त्रीय विषयावर मराठीत लिहायचे तर निम्मे शब्द स्वतःच घडवावे लागत.

त्यांचे मोठे काम मात्र पंचांगाचे. महाराष्ट्रातील पंचांगे तेव्हा गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या 1520 च्या ग्रंथावरून होत. गणेश दैवज्ञही किनाऱ्याचेच, मुरूडजवळच्या नांदगावचे, आणि स्वतः मोठे वेध घेणारे. पण जुन्या गणितात चंद्राच्या गतीतला एकच मोठा चढउतार धरलेला असे. अमावास्या-पौर्णिमेला त्याने काम भागते. अष्टमीच्या आसपास चंद्र हिशेबापासून दोन-तीन अंश सरकलेला असतो आणि तिथी काही तासांनी चुकते. केरूनानांनी युरोपातील नव्या वेधांवर आधारलेली ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ 1860 मध्ये मराठीत छापली. 1865 पासून आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळाने त्यांचे पंचांग निघू लागले. पटवर्धनी पंचांग म्हणतात ते हेच.

लोकांनी ते डोक्यावर घेतले नाही. गणित बदलले की सण, एकादशी, अधिकमास हलू लागतात आणि मग आकाशात चंद्र कुठे आहे याला फारसे महत्त्व उरत नाही. तिथी दोन-तीन अंशांनी चुकली तरी भरतीत दहा-बारा मिनिटांचाच फरक पडतो, तेव्हा कोळ्याचे काही अडत नव्हते. त्यातून कोळी पंचांगाकडे नव्हे, चंद्राकडेच पाहतो. अडत होते ते धर्मकृत्यांचे, आणि तिथेच विरोध सर्वांत जास्त होता.

याच चंद्राच्या नावावर आजही एक गैरसमज खपतो. शरीरात एवढे पाणी, मग पौर्णिमेला तेही उसळत असणार आणि डोके फिरत असणार! भरती येते ती पृथ्वीच्या जवळच्या आणि लांबच्या बाजूंमधल्या 12,700 किलोमीटर अंतरामुळे, ओढीतल्या फरकातून. पवई तलावालासुद्धा डोळ्यांना दिसेल अशी भरती येत नाही. साडेपाच फुटी माणसाला कुठली येणार? पौर्णिमेला झोप उडाली तर कारण दुसरीकडे शोधावे.

केरूनाना 1879 मध्ये निवृत्त झाले. त्याच्या आदल्याच वर्षी, 1878 मध्ये, अपोलो बंदरावर भरतीमापक यंत्राच्या नोंदी सुरू झाल्या. कारण नुसत्या चंद्रसूर्यावरून पाण्याची उंची सांगता येत नाही. किनाऱ्याचा आकार आणि समुद्राची खोली तिच्यात मोठी भर घालतात: गोव्याला भरती-ओहोटीतला फरक दोनेक मीटरचा, मुंबईला उधाणात त्याच्या दुपटीहून जास्त, खंबातच्या आखातात दहा मीटरपर्यंत. म्हणून प्रत्येक बंदराची नोंद वेगळी ठेवावी लागते आणि तिच्यावरून पुढची कोष्टके बांधावी लागतात. पावसाळ्यात साडेचार मीटरवरच्या भरतीचे दिवस आधीच जाहीर होतात, ते अशाच कोष्टकांवरून.

26 जुलै 2005 ला पौर्णिमा होऊन पाच दिवस झाले होते. पाचाची पाऊणपट पावणेचार. त्या दुपारी साधारण त्याच सुमारास 4.48 मीटरची भरती होती आणि पाऊस कोसळत होता. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पडला. भरतीची वेळ आणि उंची आधीच छापलेली होती. पावसाचे मात्र तसे कोष्टक नव्हते. माहीमच्या खाडीत समुद्र चढलेला असल्याने मिठीचे पाणी कुर्ला-कालिन्यात अडून राहिले.

केरूनाना 1884 मध्ये वारले. पंचांगशुद्धीचे काम पुढे टिळकांनी हाती घेतले, आणि वाद आणखी कित्येक वर्षे चालला. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून सरकारने राष्ट्रीय पंचांग सुरू केले. त्यातल्या तिथी चंद्राच्या प्रत्यक्ष स्थानावरून काढतात.