लोकमान्य आणि राष्ट्रसभेची खुर्ची

उत्तरेस केळशी आणि दक्षिणेस गुहागर, एवढ्या चिंचोळ्या किनारपट्टीने राष्ट्रसभेला दोन प्रतिस्पर्धी दिले. ज्या दापोली तालुक्यात केळशी, त्याच तालुक्यातील चिखलगाव हे टिळकांचे मूळ गाव. गुहागर तालुक्यातील कोतळूक हे गोखल्यांचे जन्मस्थान. गोखले वयाच्या ३९ व्या वर्षी, १९०५ मध्ये, काशीच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. टिळक त्या आसनावर कधीच बसले नाहीत. १ ऑगस्टच्या पुण्यतिथीस त्यांच्या शिक्षेचे व ग्रंथांचे स्मरण सर्वत्र होते; या न लाभलेल्या पदाचे मात्र क्वचितच.

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म रत्नागिरीस २३ जुलै १८५६ रोजी झाला. वडील शिक्षक. शिक्षण पुण्यास झाले. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल व १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे निघाली. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत ते व गोखले सहकारी होते. १८९० मध्ये टिळक तेथून बाहेर पडले. संस्था हाती घेण्याची विद्या त्यांस अवगत नव्हती असे कोणी समजू नये. १८९५ मध्ये त्यांच्या पक्षाने पुण्याची सार्वजनिक सभा बहुमताने जिंकली, तेव्हा रानडे व गोखले यांस पुढील वर्षी डेक्कन सभा ही वेगळी चूल मांडावी लागली. हाच डाव पुढे त्यांच्यावर उलटला.

राष्ट्रसभेचा अध्यक्ष त्या काळी यजमान शहराची स्वागत समिती ठरवीत असे, आणि भरसभेत त्या नावास टाळ्यांनी संमती मिळे. यजमान प्रांतातील मनुष्यास हे पद न देण्याचा प्रघात होता. म्हणजे अधिवेशनाचे गाव ठरले की निम्मी निवडणूक झालीच! १९०६ मध्ये कलकत्त्यास नव्या पक्षाने टिळकांचे नाव पुढे केले. मवाळांनी विलायतेहून ८१ वर्षांच्या दादाभाई नौरोजींस पाचारण केले. त्या वंद्य वृद्धाविरुद्ध कोण उभा राहणार? १९०७ चे अधिवेशन नागपुरास व्हावयाचे होते. ते सुरतेस हलविण्यात आले. सुरत मुंबई इलाख्यात, फेरोजशहा मेहतांच्या वर्चस्वाखाली. टिळकांचे नाव तेथे आपोआपच बाद झाले. त्यांच्या पक्षाने लाला लजपतराय यांचे नाव सुचविले, पण लालाजींनीच नकार दिला आणि रासबिहारी घोष नियुक्त झाले. पाठ्यपुस्तके २७ डिसेंबरचा जोडा व खुर्च्या तेवढ्या रंगवून सांगतात. भांडण मुळात या नियुक्तीच्या रीतीचे होते, हे मुलांस कोणी सांगत नाही.

अमेरिकेत १९१२ मध्ये टॅफ्ट यांनी पक्षयंत्रणेच्या बळावर उमेदवारी राखली, माजी अध्यक्ष रूझवेल्ट पक्ष सोडून उभे राहिले, आणि विल्सन निवडून आले. सुरतेच्या फुटीचा लाभ सरकारने उठविला. जून १९०८ मध्ये टिळकांस अटक झाली, व मंडालेहून ते १९१४ मध्ये परतले. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले वारले. टिळक त्यांच्या अंत्यसमयी स्मशानात उपस्थित राहून त्यांच्या गौरवार्थ बोलले. १९१६ मध्ये लखनौस ते पुन्हा राष्ट्रसभेत आले. त्यांस दूर ठेवू शकेल अशी स्वागत समिती आता देशात उरली नव्हती.

१९१८ च्या दिल्ली अधिवेशनासाठी त्यांची अध्यक्षपदी निवड झाली. परंतु चिरोल यांच्यावरील अब्रुनुकसानीच्या दाव्यासाठी ते सप्टेंबरातच विलायतेस निघून गेले, आणि त्यांच्या जागी मदनमोहन मालवीय बसले. फेब्रुवारी १९१९ मध्ये दावा हरला. विलायतेत त्यांनी मजूर पक्षाशी संधान बांधले, हे खरे. तरीही त्यांनी दिल्लीसच जावयास हवे होते, असे आमचे मत आहे. ज्या पदासाठी अनुयायांनी बारा वर्षे झुंज घेतली, ते एका परक्या लेखकाच्या पुस्तकापायी सोडणे आम्हांस पटत नाही.

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईस सरदारगृहात त्यांचे निधन झाले. पुढच्याच महिन्यात कलकत्त्यास राष्ट्रसभेचे विशेष अधिवेशन भरले. त्याचे अध्यक्ष लाला लजपतराय होते.