गोळीच्या आधीचे कर्वे

गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. वारंवारच्या बाळंतपणांनी खंगणाऱ्या बायका त्यांना बघवत नव्हत्या. या कार्यापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. मालतीबाईंच्या साथीने 'समाजस्वास्थ्य' मासिक मात्र त्यांनी १९२७ पासून मरेपर्यंत चालवले. अश्लीलतेच्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी दंड झालाच. १९५३ साली कर्वे गेले. गोळीला अमेरिकेत मंजुरी मिळाली १९६० साली. तिच्यातली कृत्रिम संप्रेरके मेंदूतळच्या पिट्यूटरी ग्रंथीचे इशारे दाबतात. बीज सुटत नाही, बीजकोषाचे स्वतःचे इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉनही उतरते. गणिती कर्व्यांना हा हिशेब आवडला असता. आमच्या भिवंडीत मात्र बायका अजूनही औषधाच्या दुकानातली गर्दी ओसरायची वाट बघत उभ्या असतात.